ज्वालामुखी, अजाब आणि फॉरवर्डची सनद

(वसई येथील युवक-युवतींच्या एका अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हा विषय दिला होता. हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की निम्मा वर्ग पेंगायला लागतो, हा माझा भूगोल शिकवतानाचा अनुभव आहे. म्हणून मी आज फक्त एका व्हिडिओबद्दल आणि एका मेसेजबद्दल बोलणार आहे. व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मेसेज तुम्हाला आठवतोय का ते बघू.

आधी व्हिडिओ. राखेच्या रंगाची माणसं आडवी पडलेली. कुणी तोंडावर हात घेतलाय, कुणी मुलाला कवटाळलंय. मागून जड आवाजात सांगतात: ही पॉम्पेई नगरी, इथले लोक गुनाहगार होते, अजाब आला आणि एका क्षणात सगळ्यांचे दगड झाले, एकही वाचला नाही. शेवटी, दहा जणांना पाठवा, सवाब मिळेल.

गेल्या रमजानमध्ये हा व्हिडिओ माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, "खाला, तू भूगोल शिकवतेस ना? हे खरं आहे का?" मी टाइप करायला लागले, "खोटं आहे, डिलीट कर." मग थांबले. एका आवाजाने सांगितलं म्हणून त्याने खरं मानायचं आणि दुसऱ्या आवाजाने सांगितलं म्हणून खोटं मानायचं, यात त्याने स्वतः काय तपासलं? आणि मी थांबले त्याला दुसरंही एक कारण होतं. ते म्हणजे तो मेसेज.

मी पुढे पाठवलेला मेसेज

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा रोज बातम्यांत असायचं. लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. १ फेब्रुवारी २०१९ ला चारपेक्षा जास्त तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला.

त्याच दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वज्रेश्वरीचं पाणी उकळायला लागलंय, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली ज्वालामुखी जागा होतोय, आज रात्री कुणी घरात झोपू नका. तेव्हा मला भूगोल शिकवत १८ वर्षं झाली होती. मी तो मेसेज वाचला, "काळजी घ्या" असं वर लिहिलं आणि पुढे पाठवला.

माझी अम्मी नालासोपाऱ्याला चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. तेव्हा ती ७४ वर्षांची होती. ती खाली उतरून प्लास्टिकच्या खुर्चीवर फजरपर्यंत बसून राहिली. काही झालं नाही. वर चढताना पायरी चुकली, पडली आणि मनगट मोडलं. तो मेसेज कुणी तयार केला ते मला आजही माहीत नाही. अम्मीपर्यंत तो माझ्याकडून गेला, एवढं मात्र नक्की.

म्हणून भाच्याला "डिलीट कर" सांगण्याचा अधिकार मला आहे असं त्या रात्री वाटलं नाही. मी त्याला लिहिलं, "आपण दोघं मिळून तपासू."

सनद मागायची

तपासायचं कसं? यासाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही. हदीसच्या अभ्यासकांनी शेकडो वर्षांपूर्वी एक शिस्त घालून दिली. एखादी गोष्ट कानावर आली की आधी तिची सनद विचारायची. सांगणारा कोण? त्याने कुणाकडून ऐकलं? ते दोघे कधी भेटले होते का? रावीची स्मरणशक्ती कशी होती? साखळीतली एक कडी जरी निसटली तरी ती नोंद करायची. आणि साखळी ठीक असली तरी मतन, म्हणजे मजकूर, वेगळा पारखायचा. सूरह हुजुरातमध्ये बातमी पारखण्याबद्दल काय सांगितलंय तेही तुम्हाला माहीत आहे. मी भूगोलाची बाई आहे, त्यावर तफसीर करणं माझं काम नाही. मी एवढंच विचारते, की हदीससाठी एवढी काटेकोर असणारी आपली परंपरा, मग व्हॉट्सॲपसाठी आपण इतके सैल का?

मी आणि भाच्याने तीन प्रश्न ठरवले. सांगणारा कोण? त्याला हे कसं कळलं? आणि हे चूक असेल तर ते कुठे दिसून येईल?

आता पॉम्पेई घेऊ. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा हा उद्रेक इसवी सन ७९ मधला. त्याचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त आपल्याकडे आहे. धाकटा प्लिनी तेव्हा १७ वर्षांचा होता आणि खाडीपलीकडे मिसेनम इथे, सुमारे ३० किलोमीटरवर होता. त्याचा मामा बोटी घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि मेला. प्लिनीने हे इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून कळवलं, पण उद्रेकानंतर जवळजवळ २५ वर्षांनी. म्हणजे रावी प्रत्यक्षदर्शी आहे, पण लांबून पाहणारा आणि उशिरा लिहिणारा आहे. त्याच्या पत्राच्या हस्तलिखित प्रतींवरून २४ ऑगस्ट ही तारीख प्रचलित झाली. २०१८ साली पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यावर ऑक्टोबरमधली तारीख आहे, त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा असं आज अनेक अभ्यासक मानतात. एवढ्या चांगल्या सनदेतही तारीख हलली, हे लक्षात ठेवा.

एका क्षणात सगळे मेले का? नाही. आधी कितीतरी तास हलके, सच्छिद्र दगड पावसासारखे पडत होते. छपरं कोसळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली राख आणि वायू यांचे लोट शहरावर आले. मधल्या वेळात पुष्कळ लोक निघून गेले. शहराची वस्ती दहा हजारांच्या आसपास मानतात आणि आजवर सापडलेले सांगाडे हजाराच्या थोडे वर आहेत. जवळच्या इतर शहरांत नंतरच्या काळात पॉम्पेईकर घराण्यांची नावंही सापडतात.

माणसांचे दगड झाले का? नाही. राख घट्ट बसली, आतलं शरीर कुजून गेलं आणि शरीराच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खनन प्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं. व्हिडिओत दिसतं ते प्लास्टर. आत हाडं आहेत, आणि ती खऱ्या माणसांची आहेत.

यापुढची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. त्यांपैकी एका आकृतीच्या हातात सोन्याचं कडं होतं आणि मांडीवर मूल. ही आई आणि तिचं बाळ असंच सगळे मानत आले. २०२४ मध्ये हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. म्हणजे जाणकारांनीही आपल्या मनातली गोष्ट त्या प्लास्टरवर चढवली होती. फरक एवढाच, की त्यांनी ती तपासली आणि चूक निघाल्यावर तसं जाहीर केलं. व्हिडिओवाला दुरुस्ती कधी पाठवतो का?

राहिला प्रश्न कुराणाचा. काही व्हिडिओ पॉम्पेईला कौम-ए-लूतशी जोडतात. कुराणात पॉम्पेई हे नाव नाही. हजरत लूत हे हजरत इब्राहीम यांच्या काळातले, रोमन साम्राज्याच्या कितीतरी आधीचे. हा दावा धर्माच्या नावाने केला जातो, पण धर्मग्रंथातून येत नाही.

आपल्या पायाखालचा ज्वालामुखी

भाचा म्हणाला, "ठीक आहे, ते इटलीत. पण वज्रेश्वरीचं काय?" म्हणजे माझाच मेसेज त्याने माझ्यापुढे ठेवला.

गंमत अशी की आपण खरोखर एका ज्वालामुखीवर राहतो. वसईच्या किल्ल्याचा काळा दगड, तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग, हायवेलगतच्या खाणींतून निघणारी खडी, हे सगळं थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यापुढे व्हेसुव्हियस म्हणजे चुलीतली ठिणगी.

म्हणूनच त्याच्याभोवती दावेही खूप. त्यातले तीन बघू.

पहिला दावा, गरम पाण्याच्या झऱ्याखाली ज्वालामुखी असतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, आपल्या जिल्ह्यातलं सातिवली, आणि तिथून थेट राजापूरपर्यंत कोकणात असे झरे रांगेने आहेत. जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पाणी तापायला एवढं पुरतं, त्यासाठी खाली लाव्हा लागत नाही. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर.

मग डहाणूचे धक्के? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रं बसवली. एका छोट्या टापूत लहान लहान धक्क्यांची ही मालिका होती. खडकांतल्या भेगांत झिरपणारं पाणी हे त्याचं एक संभाव्य कारण म्हणून मांडलं गेलं. 'संभाव्य' हा शब्द ऐका. मेसेजमध्ये तो शब्द नव्हता, म्हणूनच तो इतका पटला.

दुसरा दावा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा. चर्चगेट लोकलने रोज जाता, एकदा उतरून बघा. सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांचा काळा कडा. 'जगात असे खडक फक्त तीन ठिकाणी आहेत' असं अभिमानाने सांगतात. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लाव्हा सावकाश थंड होऊन आकसला की असे खांब तयार होतात. ते कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावर आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर तर हजारोंनी आहेत. गिल्बर्ट हिल जपायलाच हवी. त्यासाठी तिला जगातली तिसरी म्हणायची गरज नाही.

तिसरा दावा, आपल्या लाव्हाने डायनोसॉर मारले. लाव्हाने सगळं जीवन भस्म केलं असतं तर मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या तळ्याच्या गाळात, बेडकांचे जीवाश्म सापडले नसते. ते सापडले आणि १८४७ मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णनही झालं. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी होती आणि बेडूक होते. दुसरीकडे १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की त्या वेळी पृथ्वीवर एक मोठी उल्का आदळली. पुढे मेक्सिकोत तिचं विवरही ओळखलं गेलं. मग आपल्या लाव्हाचा वाटा किती? फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. दोघांनी दख्खनच्याच थरांतले नमुने मोजले होते. एका गटाच्या मते मोठा उद्रेक उल्केच्या आधी सुरू झाला, तर दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा उल्केनंतर आला. दोघांनी पद्धत सांगितली, आकडे दिले आणि चूक किती असू शकते तेही लिहिलं.

महिना बघा, फेब्रुवारी २०१९. त्याच महिन्यात, त्याच दगडाबद्दल, मी ग्रुपवर मेसेज पुढे ढकलत होते.

आणि खणून बघण्याची परंपरा आपल्या गावालाही आहे. सोपाऱ्यात एक टेकाड होतं, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. लोक खोटं बोलत नव्हते. ऐकलेलं सांगत होते. फक्त तोवर कुणी खणलं नव्हतं.

अजाब कुणावर?

आता अवघड भाग. दगड, लाव्हा, तारखा हे तपासता येतं. पण "अजाब आला" हे वाक्य तपासता येत नाही. अल्लाह कुणाला का शिक्षा देतो हे मला माहीत नाही, आणि ज्याला ते माहीत असल्याचा दावा आहे त्याच्याकडे मी सनद मागेन.

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगते. हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६ मध्ये मदिनेजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला. आधी काही दिवस धक्के बसले, मग जमिनीच्या भेगांतून लाव्हा निघाला. तो ५२ दिवस वाहिला, सुमारे २३ किलोमीटर पसरला आणि शहरापासून ८ किलोमीटरच्या आसपास थांबला. हज-उमराहला गेलेल्यांनी मदिनेभोवती काळ्या दगडांची मैदानं पाहिली असतील. तो आपल्यासारखाच बेसाल्ट आहे.

मदिनेहून पत्रं गेली आणि दमिश्कचे इतिहासकार अबू शामा यांनी ती उतरवून ठेवली. सनद चांगली आहे. त्या पत्रांत लोकांची घबराट आहे, रात्रभर मशिदीत जमणं आहे. आणि तिथेही अजाब हा शब्द आहे. पण तो त्यांनी कुणासाठी वापरला? स्वतःसाठी. काझींनी अमीराला तौबा करायला सांगितलं. अमीराने आपले गुलाम मुक्त केले आणि लोकांचा घेतलेला माल परत केला.

हा फरक बघा. त्यांनी तो शब्द स्वतःकडे वळवला तेव्हा गुलाम सुटले. आपण तो दुसऱ्याकडे वळवतो तेव्हा काय होतं? पॉम्पेईत मेलेल्यांत गुलाम होते, लहान मुलं होती. मदिनेवर लाव्हा चालून आला तेव्हा आपण रोमन लोकांना लावतो तो नियम लावायचा का? तुमच्यापैकी कुणालाही हे चालणार नाही, मलाही नाही. मग पॉम्पेईलाही लावू नका.

आणि डहाणूलाही. २०१९ मध्ये आमच्या घरी जेवताना एक नातेवाईक म्हणाले, "तिकडे ताडी-दारू चालते, अजाब येणारच." मी ताटात बघत राहिले. काही बोलले नाही. दोन वर्षांच्या त्या मुलीची बातमी मी सकाळीच वाचली होती, तरी बोलले नाही. मनगट मोडलं ते भरून आलं. हे गप्प बसणं अजून बोचतं.

लोक मरतात ते कच्च्या भिंतींखाली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत आणि आसपास सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्यांवर पडली. अजाब म्हटलं की हा प्रश्नच संपतो. भिंत कशी बांधली, शाळेला तंबू मिळाले का, घर मजबूत करायला पैसे कोण देणार, हे मग कुणी विचारत नाही. गरिबाच्या घरावर भिंत पडते आणि दोषही त्याच्याच माथी बसतो.

अफवेने काय होतं हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. लगेच त्यावर दुसरी अफवा चढली, की मारणारे मुसलमान होते. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. त्याच महिन्यात कोरोना आपणच पसरवतो असे व्हिडिओ फिरत होते. तेव्हा आपण जगाला म्हणत होतो, "अहो, तपासून तरी बघा." ते म्हणण्याचा हक्क टिकवायचा असेल तर आपल्या आवडीचा व्हिडिओसुद्धा आपण तपासला पाहिजे.

मला कुणी विचारतं, अशाने ईमान कमजोर होत नाही का? अल-बिरूनी हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी पाहिलं की डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे आहेत, लांब जावं तसे लहान होत जातात आणि शेवटी वाळू होते. त्यावरून त्यांनी ताडलं की हे मैदान एकेकाळी समुद्र होतं आणि गाळाने भरलं. हे त्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहिलं. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'तहकीक' हा शब्द आहे. दगड हातात घेऊन बघितल्याने त्यांचं ईमान गेलं असं कुणी म्हणत नाही.

शेवटी भाच्याचं सांगते. त्याने त्या व्हिडिओखाली ग्रुपवर चार ओळी लिहिल्या: हे प्लास्टर आहे, पुष्कळ लोक वाचले होते, कुराणात हे नाव नाही, आणि मला हे कसं कळलं ते विचारा, सांगतो. दोन मामूंनी अंगठा दाखवला. एका चाचांनी ग्रुप सोडला. आठवड्याने ते परत आले आणि त्यांनी भाच्याला खासगीत एक दुसरा व्हिडिओ पाठवला. खाली विचारलं होतं, "बेटा, हा खरा आहे का?"

तुम्ही आता जेवायला जाल, फोन हातात घ्याल. काहीतरी आलेलं असेल. पुढे पाठवायच्या आधी ते तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते तुमच्यापाशीच थांबू द्या. आणि ताटासमोर कुणी अजाब वाटायला लागलं, तर माझ्यासारखं ताटात बघत बसू नका.